हेइन्सा: फळ्या दुरूनच पाहायच्या असतील, तर डोंगरावर जावे का?

घाटवळण
येत्या ऑक्टोबरच्या अखेरीस कामानिमित्त दक्षिण कोरियातील देगू शहरात जाणे होणार आहे. काम आटोपल्यावर एक पूर्ण दिवस आणि गरज पडल्यास एक रात्र हाताशी राहील. त्या वेळात गायासान पर्वतावरील हेइन्सा हा मठ पाहावा, असे मनात आहे. सिल्ला राजवटीत, इ. स. ८०२ मध्ये या मठाची स्थापना झाली. तेराव्या शतकात कोरलेल्या बौद्ध त्रिपिटकाच्या ८१,२५८ लाकडी फळ्या तेथे पंधराव्या शतकातील कोठारात आजही जपून ठेवलेल्या आहेत. युनेस्कोने १९९५ मध्ये ते कोठार जागतिक वारसा म्हणून घोषित केले आणि २००७ मध्ये फळ्यांचाही जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला, एवढे वाचन झाले आहे.

प्रश्न असा आहे की, एरवी गेलेल्या पाहुण्याला कोठाराच्या आत जाता येत नाही, खिडकीच्या लाकडी गजांमधून डोकावून समाधान मानावे लागते, असे सर्वजण सांगतात. ज्या वस्तूसाठी जायचे ती वस्तूच नीट दिसणार नसेल, तर त्याऐवजी ग्योंगजू शहरात जाऊन बुल्गुक्सा हा मठ आणि सोकगुराम हे गुहामंदिर पाहावे, असे माझ्या एका सहकाऱ्याचे मत पडले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सेऊलवासी
आपल्या सहकाऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि सोकगुराममधील बुद्धमूर्तीसुद्धा काचेच्या भिंतीपलीकडूनच पाहावी लागते, हेही सांगा. दोन्हीकडे अंतर राखावेच लागणार असेल, तर निवड अन्य कारणांवरून करावी हे बरे.

देगूहून हेइन्सा सोयीचे आहे. पहिल्या क्रमांकाच्या मेट्रो मार्गावर सोबु जोंगन्यूजांग (जुने नाव सोंगदांगमोत) नावाचे स्थानक आहे आणि त्याला लागूनच शहराचे पश्चिम बसस्थानक आहे. तेथून थेट हेइन्साची बस मिळते व ती साधारण दीड तासात पोहोचवते. बसमधून उतरल्यावर झाडीतून वीसेक मिनिटे चढ चालावा लागतो, परंतु त्या चढाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र उतरल्याबरोबर पाहून ठेवावी, कारण संध्याकाळनंतर त्या डोंगरात दुसरे वाहन सहज मिळत नाही.

मिश्कील_माणूस
मी हिशेब करून पाहिला. प्रत्येक फळीकडे केवळ एक सेकंद पाहिले, तरी ८१,२५८ फळ्यांना साडेबावीस तास लागतात, आणि तेही फळीची एकच बाजू पाहिली तर. कोरीव काम दोन्ही बाजूंना आहे. खिडकीचे गज ही मठाने पाहुण्यांवर केलेली कृपाच समजावी.

लाकूडपारखी
धागाकर्त्यांनी 'वस्तू' म्हणून फक्त फळ्यांचा विचार केला आहे, तेथेच माझा मतभेद आहे. माझ्या व्यवसायामुळे माझे लक्ष आधी इमारतीकडे गेले, आणि मला वाटते की या मठात पाहण्याची खरी गोष्ट ती इमारतच आहे.

कोठाराला जांगग्यंग पांजन म्हणतात. सुदाराजांग आणि बप्बोजन अशा दोन लांबलचक इमारती समोरासमोर उभ्या आहेत, प्रत्येकी सुमारे साठ मीटर लांब, आणि दोन्ही टोकांना दोन लहान दालने अशी चौकोनी मांडणी आहे. मठाच्या सर्व वास्तूंमध्ये ही जागा सर्वांत उंचावर आहे. बाहेरून पाहिले तर रंगकाम नाही, नक्षी नाही. खाली उतरल्यावर दिसणाऱ्या रंगीत मंदिरांच्या मानाने ती अगदी साधी वाटते. पण भिंतींकडे नीट पाहावे. दर्शनी भिंतीत खालच्या ओळीतील खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान आहेत. मागच्या भिंतीत नेमके उलटे आहे. दरीतून येणारा वारा समोरून खालच्या बाजूने आत शिरतो, आत वर-खाली फिरतो आणि मागच्या मोठ्या खिडक्यांतून वरून बाहेर पडतो. जमीन मातीची असून तिच्यात कोळसा, मीठ आणि चुना मिसळलेला आहे, त्यामुळे हवेतील ओल वाढली की ती शोषली जाते आणि हवा कोरडी झाली की ती परत सोडली जाते. या सगळ्यात एकही यंत्र नाही.

फळीची घडणही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. फळीच्या दोन्ही टोकांना जाड लाकडी पट्ट्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे फळ्या एकमेकींना खेटून उभ्या केल्या तरी कोरलेली अक्षरे एकमेकांवर घासत नाहीत आणि मधून हवा खेळती राहते. याच पट्ट्यांमुळे फळी वाकतही नाही. कोपऱ्यांना तांब्याचे पत्रे आहेत आणि पृष्ठभागावर लाखेचे लेपन आहे. लाकूड भूर्जाचे आहे असे पूर्वी सर्रास लिहिले जात असे. सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावर बहुतेक फळ्या रानटी चेरीच्या आणि काही रानटी नासपतीच्या निघाल्या. हे सर्व खिडकीच्या गजांमधून दिसते, फक्त कोठे पाहायचे ते आधी ठाऊक असले पाहिजे.

प्रश्नचिन्ह
लाकूडपारखी यांचे विवेचन आवडले, तथापि या कोठाराविषयी जे काही सांगितले जाते त्यातील निम्म्याकडे मी संशयाने पाहतो. छपरावर पक्षी बसत नाहीत, आत कोळी जाळे विणत नाहीत, लाकूड अनेक वर्षे समुद्राच्या पाण्यात भिजवले होते, अशा कथा मार्गदर्शक मोठ्या उत्साहाने सांगतात. त्या परंपरा म्हणून ऐकाव्यात, पुरावा म्हणून नव्हे.

माझा मूळ आक्षेप निराळा आहे. सगळे श्रेय वास्तुशास्त्राला देताना पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणाऱ्या भिक्षूंचा विसर पडतो. सतराव्या शतकापासून मठात वारंवार मोठ्या आगी लागल्या आणि मुख्य मंदिरही १८१७ च्या आगीनंतर नव्याने बांधावे लागले. कोठार मात्र वाचले. ते उंचावर आणि इतर इमारतींपासून तुटक आहे हे एक कारण, पण आग लागल्यावर धावून जाणारी माणसे तेथे कायम राहत होती, हे दुसरे कारण कोणत्याही खिडकीपेक्षा लहान नाही.

लाकूडपारखी
@प्रश्नचिन्ह, पहाऱ्याचे महत्त्व मान्य. परंतु केवळ पहारा पुरेसा असता, तर १९७० च्या दशकातील प्रयोग फसला नसता. त्या काळी सरकारने फळ्यांसाठी आधुनिक, काँक्रीटची नवी इमारत बांधली. प्रयोगादाखल काही फळ्या तेथे ठेवल्यावर त्यांना बुरशी धरू लागली आणि स्थलांतराचा बेत सोडून द्यावा लागला. भिक्षू तेच होते, पर्वत तोच होता, बदलली होती ती फक्त इमारत.

प्रश्नचिन्ह
उदाहरण चपखल आहे आणि त्यापुढे मी इमारतीला तिचा वाटा देतो. कोळ्यांच्या बाबतीत मात्र माघार नाही.

मिश्कील_माणूस
कोळ्यांची बाजू मांडणारा कोणीतरी या धाग्यावर निघाला, याचा आनंद झाला.

बोधिवाट
इमारत आणि लाकूड यांवर इतके लिहून आले, पण त्या फळ्यांवर काय आहे आणि त्या का कोरल्या गेल्या, यावर अद्याप कोणीच काही बोलले नाही.

त्या काळच्या कोरियातील गोर्यो राज्यात त्रिपिटकाच्या फळ्यांचा पहिला संच अकराव्या शतकात, १०११ पासून, उत्तरेकडील खितान लोकांच्या आक्रमणाच्या काळात कोरायला घेतला होता. तो संच देगूजवळच्या बुइन्सा मठात असताना १२३२ मध्ये मंगोल स्वारीत जळून गेला. राजदरबार तेव्हा कांग्ह्वा बेटावर आश्रयाला गेलेला होता, देश लुटला जात होता, आणि अशा वेळी दरबाराने संपूर्ण त्रिपिटक पुन्हा कोरण्याचा निर्णय घेतला. बुद्धाच्या कृपेने शत्रू माघारी जावा, ही त्यामागची श्रद्धा होती. प्रत्यक्ष कोरीव काम १२३७ ते १२४८ या वर्षांत झाले. शत्रू त्यामुळे गेला नाही हे इतिहास सांगतो, पण पाच कोटींहून अधिक चिनी अक्षरांचा हा ग्रंथसंग्रह मात्र उरला. पुढे गोर्योनंतर आलेल्या जोसन राजवटीच्या आरंभी, १३९८ मध्ये, फळ्या हेइन्साकडे आणल्या गेल्या.

माझ्या दृष्टीने या कामाचा खरा नायक सुगी नावाचा भिक्षू आहे. संपादनाची धुरा त्याच्याकडे होती. सोंग राजवटीची चिनी आवृत्ती, खितान आवृत्ती आणि गोर्योची जळालेली पहिली आवृत्ती यांचे पाठ त्याने एकमेकांशी ताडून पाहिले आणि कोठे कोणता पाठ का स्वीकारला, याची तीस खंडांची स्वतंत्र नोंद लिहून ठेवली. युद्ध चालू असताना पाठभेदांची चिकित्सा करत बसलेला हा माणूस मला कोणत्याही सेनापतीपेक्षा मोठा वाटतो. विसाव्या शतकात जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात तैशो त्रिपिटक छापले गेले, त्याचाही मुख्य आधार हीच कोरियन आवृत्ती होती. आज जगभरातील अभ्यासक चिनी त्रिपिटकाचा जो पाठ वापरतात, त्याच्या मुळाशी या फळ्या आहेत.

माझ्या घरी त्रिसरण आणि पंचशील पालीतून म्हटले जाते. हेइन्साच्या फळ्यांवर चिनी भाषांतरे आहेत आणि महायान सूत्रांचा भाग मोठा आहे, म्हणून काही जण तो 'आपला' ग्रंथ नव्हे असे म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच संग्रहात आगम नावाचे सूत्रसंग्रह आहेत आणि त्यांतील असंख्य सूत्रे पाली निकायांतील, म्हणजे पाली त्रिपिटकाच्या सूत्रसंग्रहांतील, सूत्रांशी जुळतात. तेथे उभा राहिलो तेव्हा ओळखीच्या माणसाला परक्या देशात भेटल्यासारखे वाटले.

इतिहासप्रेमी
बोधिवाट यांच्या प्रतिसादाला पुरवणी जोडतो. जोसन राजवट कन्फ्यूशियसच्या विचारांची होती आणि बौद्ध मठांवर तिने बरेच निर्बंध घातले, तरीही या फळ्या तिने देशाबाहेर जाऊ दिल्या नाहीत. जपानमधून येणारे दूत त्रिपिटकाच्या छापील प्रतींची वारंवार मागणी करत आणि त्या त्यांना दिल्याही जात. सेजोंग राजाच्या काळात दूतांनी थेट फळ्याच मागितल्या, तेव्हा मात्र नकार मिळाला.

दुसरा प्रसंग कोरियन युद्धातील आहे. १९५१ मध्ये गायासानच्या परिसरात उत्तर कोरियाचे मागे राहिलेले सैनिक लपले होते आणि हवाई दलाला तेथे बॉम्बफेक करण्याचा आदेश मिळाला होता. तुकडीचे नेतृत्व करणारे वैमानिक किम यंग-ह्वान यांनी मठावर बॉम्ब टाकण्यास नकार दिला. मठाच्या आवारात त्यांचे स्मारक आहे. बहुतेक पर्यटक त्यावरून पुढे जातात, आपण तसे करू नये.

घाटवळण
इतक्या भरघोस प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. बोधिवाट यांचा प्रतिसाद वाचून एक शंका आली. मी बौद्ध नाही आणि हा मठ तर चालता मठ आहे. तेथे माझ्यासारख्याने कसे वागावे, कोठे थांबावे, कशात सहभागी व्हावे? आणि मठातील मुक्कामाबद्दल कोणाला अनुभव आहे का?

मठमुक्कामी
मी मुक्काम केला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मुक्कामाची आगाऊ नोंदणी करावी लागते. राहण्याची खोली साधी असते, अंथरूण जमिनीवर असते आणि मठाने दिलेला सैलसर पोशाख घालावा लागतो. संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी चार वाद्ये क्रमाने वाजवली जातात: मोठा चर्मवाद्य ढोल, माशाच्या आकाराचे पोकळ लाकूड, ढगाच्या आकाराची धातूची थाळी आणि शेवटी घंटा. ढोल भिक्षू आळीपाळीने वाजवतात, एकाने ताल सोडण्यापूर्वी दुसरा तो उचलतो. दिवसाच्या फेरीला येणारे लोक शेवटच्या बसच्या ओढीने तोवर निघून गेलेले असतात, म्हणून मुक्काम करण्याचे माझ्या मते हे एक कारणच पुरेसे आहे. पहाटेची प्रार्थना उजाडण्याच्या बऱ्याच आधी असते, तेव्हा रात्री लवकर झोपावे.

वागण्याचे नियम अवघड नाहीत. पादत्राणे आणि टोपी काढावी. मंदिराच्या मधल्या दारातून आत जाऊ नये, ते भिक्षूंसाठी असते. बाजूच्या दाराने जावे. आत छायाचित्रे काढू नयेत. कोणी भिक्षू समोर आल्यास हात जोडून किंचित वाकावे, ही रीत आपल्याला शिकवावी लागत नाही. मुख्य मंदिरात वैरोचन बुद्धाची उपासना होते. आपण बौद्ध नसलात तरी मागच्या बाजूला शांत बसण्यास कोणी हरकत घेत नाही. साष्टांग नमनाची सक्ती नसते.

जेवण पूर्ण शाकाहारी असते, आणि कांदा, लसूण व त्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. पानात घेतलेले सर्व संपवायचे असते.

कोठाराच्या आतील भागाबाबत एक महत्त्वाची माहिती: २०२१ च्या जूनपासून मठाने शनिवारी आणि रविवारी, आगाऊ नोंदणी केलेल्या मोजक्या लोकांना मार्गदर्शकासह आत नेण्याची व्यवस्था सुरू केली. त्यामुळे 'आत जाताच येत नाही' हे सरसकट विधान योग्य नाही. सध्याचे नियम मठाच्या संकेतस्थळावर पाहावेत आणि आपला मोकळा दिवस शनिवार किंवा रविवार येतो का, तेही पाहावे.

मिश्कील_माणूस
कांदा नाही, लसूण नाही, पहाटे उठायचे आणि पानात टाकायचे नाही. माझ्या आजीने हा मठ न पाहताच चालवला होता.

प्रश्नचिन्ह
@मठमुक्कामी, माहिती उत्तम आहे, पण मुक्कामाच्या कल्पनेविषयी मला थोडी अस्वस्थता वाटते. एका रात्रीसाठी भिक्षूंचे कपडे घालून, त्यांच्या साधनेचा पाहुणचार घेऊन सकाळी निघून जाणे, यात साधनेचे प्रदर्शन होत नाही का? याच मठाच्या परिसरातील आश्रमात सोंगचोल नावाचे भिक्षू राहत असत. १९८१ पासून १९९३ मधील त्यांच्या निधनापर्यंत ते जोग्ये या कोरियातील सर्वांत मोठ्या बौद्ध पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू होते. त्यांना भेटू इच्छिणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, आधी बुद्धमूर्तीसमोर तीन हजार नमने घालावी लागत. त्या परंपरेच्या शेजारी हा एका रात्रीचा कार्यक्रम मला हलका वाटतो.

मठमुक्कामी
आपली अस्वस्थता मी समजू शकते, पण दोन गोष्टी नोंदवते. पाहुण्यांना दिलेला पोशाख भिक्षूंच्या चीवराची नक्कल नसतो, तो केवळ वावरण्यास सोयीचा असतो. शिवाय भिक्षूंची साधना आणि त्यांचे अध्ययन ज्या भागात चालते, तेथे पाहुण्यांना प्रवेश नसतो, आणि तशा पाट्या जागोजागी आहेत. मठाने काय खुले करायचे आणि काय नाही, हे स्वतःच ठरवले आहे. यजमानाने उघडलेल्या दारातून आत जाण्यात अनादर नाही.

बोधिवाट
मठमुक्कामी यांच्याशी सहमत. तीन हजार नमनांची अट भेटीला आलेल्या माणसाचा अहंकार गळावा म्हणून होती, पाहुण्यांना परतवून लावण्यासाठी नव्हती.

पायवाट
सगळे मठातच अडकले आहेत, म्हणून वाटेबद्दल मी लिहितो. वेळ असल्यास बसने थेट वर जाऊ नये. खालच्या बाजूने ओढ्याच्या काठाकाठाने सोरीगिल नावाची पायवाट वर येते, लांबी सहा-सात किलोमीटर आहे आणि चढ सौम्य आहे. ही वाट होंगन्यूदोंग दरीतून जाते. सिल्ला काळातील विद्वान कवी छ्वे छीवॉन यांचा या दरीशी संबंध जोडला जातो. ते बाराव्या वर्षी तांग चीनमध्ये शिकायला गेले, ८७४ मध्ये तेथील राजसेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले, ८८५ मध्ये मायदेशी परतले, आणि राज्याची घसरण थांबवता येईना तेव्हा सर्व सोडून गायासानला येऊन राहिले. वाटेत त्यांच्या स्मरणार्थ एक लहान मंडप आहे. ओढ्याचा आवाज तेथे इतका मोठा असतो की शेजारच्याशी बोलायचे तरी आवाज चढवावा लागतो.

ऑक्टोबरचा शेवट म्हणजे पानांचे रंग भरात असण्याचे दिवस. धागाकर्त्यांनी नकळत सर्वांत सुंदर आणि सर्वांत गर्दीचा आठवडा निवडला आहे. शनिवार-रविवारी रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात, म्हणून सकाळची पहिली बस धरावी. आणखी एक बदल सांगतो: जोग्ये पंथाच्या अनेक मठांनी मे २०२३ पासून प्रवेशशुल्क बंद केले आहे आणि हेइन्साही त्यांत आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील शुल्काचे आकडे विसरावेत.

लाकूडपारखी
पायवाट यांच्या सूचनेला माझा पाठिंबा, पण एक विनंती. ज्यांना कोठार नीट पाहायचे आहे त्यांनी तेथे सकाळी पोहोचावे, किंवा दुपार टळल्यावर, उन्हे तिरपी झाल्यावर जावे. भर दुपारी बाहेरच्या प्रखर उजेडातून गजांपलीकडे काळोखाशिवाय काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत थांबण्याची तयारीही हवी. लोक एक नजर टाकतात, काही दिसत नाही म्हणतात आणि पायऱ्या उतरू लागतात.

घाटवळण
माझा मोकळा दिवस शनिवार येतो आहे. आतील भेटीच्या नोंदणीचा प्रयत्न करतो. ती मिळाली नाही तरी रात्री मठातच राहीन. शुक्रवारी संध्याकाळी देगूत सामान ठेवून शनिवारी पहिल्या बसने निघेन. पायवाट यांना एवढेच विचारायचे आहे की सोरीगिल खालून सुरू करायची असल्यास बसमधून कोठे उतरावे, आणि मोठी पिशवी पाठीवर असल्यास वाट जड जाईल का?

पायवाट
वाटेचा खालचा आरंभ त्रिपिटकावरील संकल्पना उद्यानाजवळ आहे. चालकाला देजांगग्यंग थीम पार्क असे सांगून ठेवावे. वाटेवर बराच भाग लाकडी फळ्यांचा आणि सपाट मातीचा आहे, पाठपिशवी असली तरी अडचण येत नाही; चाकांची पिशवी मात्र आणू नये.

मिश्कील_माणूस
मठात फळीवरून छापलेला कागद विकत मिळतो का? फळीच्या प्रत्येक बाजूला तेवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत चौदा अक्षरे असतात असे वाचले. एवढी अक्षरे भिंतीवर टांगली, तर घरी आलेले पाहुणे मला विद्वान समजतील.

सेऊलवासी
मूळ फळ्यांवरून आता पाहुण्यांसाठी छपाई केली जात नाही. प्रतिकृतीच्या फळीला शाई लावून हृदयसूत्र हे छोटेसे महायान सूत्र स्वतः छापून पाहण्याची सोय अशा ठिकाणी असते. शाई वाळायला वेळ लागतो, म्हणून कागद लगेच गुंडाळू नये. आणि अक्षरे उजवीकडून डावीकडे, उभ्या ओळींत वाचायची असतात. निदान कागद उलटा टांगू नका.